मनसुबा, बुर्जी आणि तुरगपद : बुद्धिबळातील रूढीबाह्य रचनांच्या इतिहासाचे काही धागे

मराठी भाषेत ‘मनसुबा’ हा शब्द आज बेत, योजना किंवा कारस्थान या अर्थाने वापरला जातो. मराठेशाहीच्या पत्रव्यवहारात तो मोहिमेच्या आखणीसाठी आणि राजकारणातील डावपेचांसाठी वारंवार आलेला आहे. परंतु मूळ अरबीत ‘मन्सूबा’ म्हणजे मांडून ठेवलेली गोष्ट. आणि बुद्धिबळाच्या अरबी व फारसी वाङ्मयात हा शब्द एका विशिष्ट अर्थाने रूढ झाला होता. पटावर मोहरी ठरावीक घरांत मांडून, अमुक पक्षाने अमुक चालींत मात करावी असा जो प्रश्न विचारला जातो, त्याला मन्सूबा म्हणत. नवव्या शतकात अल्-अद्ली याने आणि दहाव्या शतकात अस्-सूली याने अशा मन्सूब्यांचे संग्रह केले होते. शह, काटशह, मात, प्यादे या शब्दांबरोबर हाही शब्द मराठीत आला. मात्र त्याचा पटावरील अर्थ मागे पडून राजकारणातील अर्थ तेवढा टिकला.

प्रस्तुत निबंधाचा विषय या मनसुब्यांचाच एक उपप्रकार आहे. नेहमीच्या नियमांनी खेळल्या जाणाऱ्या डावातील स्थिती मांडून ‘मात करा’ असे म्हणणे हा एक प्रकार झाला. परंतु मोहऱ्यांची गती बदलून, पटाचा आकार बदलून, प्रतिपक्षच काढून टाकून किंवा जिंकण्याची अटच निराळी ठरवून केलेल्या रचना हा दुसरा प्रकार होय. युरोपात या दुसऱ्या प्रकाराला विसाव्या शतकाच्या आरंभी ‘फेअरी चेस’ असे नाव मिळाले. हे नाव ऑस्ट्रेलियातील हेन्री टेट यांनी १९१४ मध्ये सुचविले, आणि टॉमस रेनर डॉसन (१८८९–१९५१) या इंग्रज रचनाकाराने त्या शाखेला शास्त्राचे रूप दिले. त्यामुळे ही सारी कल्पना आधुनिक युरोपीय छंदातून निघाली अशी एक समजूत आढळते. तिच्या उलट, ‘हे सर्व आमच्याकडे आधीच होते’ असे म्हणणाराही एक पक्ष आहे. दोन्ही मते पुराव्याच्या कसोटीला पुरी उतरत नाहीत, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. गोदावरीच्या खोऱ्याशी आणि मराठी प्रदेशाशी ज्यांचा संबंध पोचतो अशा काही साधनांच्या आधारे या प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे.

१. एकट्या घोड्याची रचना

सर्वांत जुना आणि सर्वांत विपुल पुरावा तुरगपदाचा, म्हणजे पटावरील प्रत्येक घराला एकदा आणि एकदाच स्पर्श करून जाणाऱ्या घोड्याच्या फेरीचा आहे. या रचनेत शत्रू नाही, राजा नाही, शह नाही आणि मातही नाही. खेळातील एकच मोहरा उचलून त्याच्या गतीचे सामर्थ्य पाहावयाचे, एवढाच तिचा हेतू असतो. खेळाचे उद्दिष्टच बाजूला सारणारी ही रचना रूढीबाह्य म्हणावयाची नाही, तर दुसरी कोणती म्हणावयाची?

काश्मीरच्या रुद्रटाने नवव्या शतकातील ‘काव्यालंकार’ या ग्रंथात चित्रकाव्याच्या प्रकरणात रथपद, तुरगपद आणि गजपद असे तीन बंध दिले आहेत. अनुष्टुभ छंदाच्या श्लोकात चार चरण आणि प्रत्येक चरणात आठ अक्षरे असतात. हे चरण एकाखाली एक लिहिले म्हणजे आठ गुणिले चार असा बत्तीस घरांचा, अर्थात पटाच्या बरोबर निम्म्या भागाचा, आराखडा मिळतो. तुरगपदबंधात हा श्लोक सरळ ओळीने वाचला काय किंवा घोड्याच्या चालीने घरांवरून उड्या घेत वाचला काय, तोच श्लोक हाती आला पाहिजे. कवीला यासाठी एकच अक्षर अनेक घरांत योजावे लागते, आणि त्यामुळे अशा श्लोकाचा अर्थ बहुधा ओढूनताणूनच लावावा लागतो. काव्य म्हणून त्याची किंमत अल्प असेल. परंतु बुद्धिबळाच्या इतिहासकाराला तो एका निर्णायक गोष्टीची साक्ष देतो. आठ घरांच्या ओळींचा पट, घोड्याची आजचीच चाल, आणि तिच्यावर आधारलेली कूटरचना, या तिन्ही गोष्टी नवव्या शतकातील रसिक वाचकाला परिचित होत्या. अन्यथा हा अलंकार त्याला उमगलाच नसता.

अर्ध्या पटाची ही निवड केवळ छंदाच्या सोयीची होती असेही म्हणता येते. परंतु तिचा एक गणिती परिणाम ध्यानात घेण्यासारखा आहे. चार ओळींच्या पटावर, स्तंभ कितीही असले तरी, घोड्याची सुरुवातीच्या घराला परत मिळणारी बंद फेरी शक्य नाही, हे आता सिद्ध झालेले आहे. म्हणून अर्ध्या पटावरची फेरी नेहमी उघडी राहते. तिचे शेवटचे घर असे साधावे लागते की तेथून दुसऱ्या अर्ध्या भागात उडी घेता यावी. चौदाव्या शतकात वेदान्तदेशिकांनी ‘पादुकासहस्र’ या स्तोत्रकाव्यात याच बंधाची अधिक अवघड रीत साधली. तेथे पहिला श्लोक घोड्याच्या चालीने वाचला असता तोच श्लोक मिळत नाही. दुसरा, स्वतंत्र अर्थाचा श्लोक मिळतो. म्हणजे नियम तोच ठेवून अट अधिक कठीण करावयाची, ही आधुनिक रचनाकाराची वृत्ती येथे स्पष्ट दिसते.

दक्षिणेतील दुसरे महत्त्वाचे साधन म्हणजे कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा ‘मानसोल्लास’ अथवा ‘अभिलषितार्थचिंतामणि’ होय. शके १०५१, म्हणजे इ. स. ११२९ च्या सुमारास रचलेल्या या ग्रंथात वीस वीस अध्यायांच्या पाच विंशती असून पाचव्या विंशतीत राजाच्या क्रीडा वर्णिल्या आहेत. त्यांत चतुरंगाचा समावेश आहे आणि घोड्याने सर्व घरे आक्रमण्याचा विषयही तेथे आला आहे. कल्याणी (आजचे बसवकल्याण, बीदर जिल्हा) ही ज्या राज्याची राजधानी, त्यात आजच्या मराठवाड्याचा मोठा भाग मोडत होता. आणि या ग्रंथातील मराठी गीतांच्या उल्लेखांमुळे मराठी भाषेच्या अभ्यासकांना तो पूर्वीपासून परिचित आहे. गायकवाड प्राच्यविद्या मालेत श्रीगोंदेकरांनी त्याचा पहिला खंड १९२५ मध्ये प्रसिद्ध केला. गीतांसाठी आणि पाककृतींसाठी हा ग्रंथ जेवढा चाळला गेला, तेवढा क्रीडांसाठी आपल्याकडे चाळला गेलेला नाही.

२. पैठणच्या भट्ट घराण्यातील एक धर्मशास्त्री

तुरगपदाच्या परंपरेतील सर्वांत लक्षणीय नाव मात्र एका धर्मशास्त्रकाराचे आहे. पैठणहून रामेश्वरभट्ट हे काशीस जाऊन राहिले. त्यांचे पुत्र नारायणभट्ट (जन्म १५१३) हे काशीतील पंडितसभेचे अग्रणी झाले. नारायणभट्टांचे एक पुत्र रामकृष्ण व दुसरे शंकरभट्ट. रामकृष्णांच्या शाखेत ‘निर्णयसिंधु’कार कमलाकर आणि त्यांचे बंधू दिनकर झाले, दिनकरांचे पुत्र विश्वेश्वर ऊर्फ गागाभट्ट यांनी १६७४ मध्ये रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक केला. शंकरभट्टांचे पुत्र नीलकंठ. म्हणजे नीलकंठ हे नात्याने गागाभट्टांचे चुलत चुलते होत.

नीलकंठांनी यमुना व चंबळा यांच्या संगमाजवळील भरेह येथील सेंगर राजा भगवंतदेव याच्या आश्रयाने ‘भगवंतभास्कर’ हा बारा मयूखांचा निबंधग्रंथ रचला. त्यांच्या लेखनाचा काळ म. म. पां. वा. काणे यांनी सुमारे १६१० ते १६४५ असा ठरविला आहे. यांपैकी ‘व्यवहारमयूख’ हा इंग्रजी अमदानीत मुंबईच्या उच्च न्यायालयात गुजरात, मुंबई बेट व उत्तर कोकण यांच्यापुरता वारसाहक्काच्या प्रश्नांत अत्यंत प्रमाण मानला जात असे. त्यामुळे वकिलांना नीलकंठ माहीत झाले. परंतु त्याच ग्रंथाच्या ‘नीतिमयूखा’त, राजधर्माचे विवेचन करताना, त्यांनी चतुरंगाचे नियम दिले आहेत आणि घोड्याच्या तीन फेऱ्या सांगितल्या आहेत. त्यांतील एक फेरी परत आरंभीच्या घराशी मिळते. जर्मन पंडित आल्ब्रेख्त वेबर यांनी १८७३ मध्ये बर्लिनच्या अकादमीपुढे हा भाग मांडला आणि तेथून तो एच. जे. आर. मरे यांच्या १९१३ च्या ‘अ हिस्टरी ऑफ चेस’ या ग्रंथात आला.

दायभाग आणि प्रायश्चित्त यांची चर्चा करणाऱ्या निबंधकाराने घोड्याच्या फेऱ्या का द्याव्यात, हा प्रश्न सहज उभा राहतो. द्यूताविषयी धर्मशास्त्राची भूमिका कठोर आहे. चतुरंगाचा फाशांनी खेळला जाणारा चौघांचा प्रकारही प्रचलित होता, आणि फासा आला की पण आणि पणाबरोबर द्यूत आलेच. नीलकंठांनी चतुरंगाला राजनीतीच्या प्रकरणात स्थान दिले, आणि त्यातही दैवाला मुळीच वाव नसलेली, प्रतिपक्षाविना सोडवावयाची रचना त्यांनी विस्ताराने दिली. यावरून फाशांच्या खेळापासून बुद्धीच्या खेळाला वेगळे काढण्याची एक दृष्टी त्यांच्या विवेचनामागे असावी, असे अनुमान करता येते. अनुमान म्हणूनच ते येथे मांडले आहे.

फेरीच्या प्रश्नाचा पुढील इतिहास थोडक्यात सांगतो. ऑयलर यांनी १७५९ मध्ये त्याचा गणिती विचार मांडला. वार्न्सडॉर्फ यांनी १८२३ मध्ये, ज्या घरापासून पुढे जाण्याचे मार्ग सर्वांत कमी त्या घरी आधी जावे, असा व्यावहारिक नियम दिला. म्हैसूरचे तिसरे कृष्णराज वडियार (१७९४–१८६८) यांनी घोड्याच्या अनेक फेऱ्या रचल्या. १८४८ मध्ये विल्यम बेव्हर्ली यांनी अशी फेरी प्रसिद्ध केली की घरांना क्रमांक दिले असता प्रत्येक आडव्या व उभ्या ओळीची बेरीज २६० यावी. कर्णांचीही बेरीज तितकीच येणारी फेरी आठ गुणिले आठच्या पटावर अस्तित्वातच नाही, हे २००३ मध्ये संगणकाच्या साह्याने निश्चित झाले. केवळ ओळींपुरत्या जमणाऱ्या भिन्न फेऱ्या १४० आहेत. बंद फेऱ्यांची एकूण संख्या, दिशेचा भेद न धरता, १३,२६,७३,६४,४१,०५,३२ इतकी येते. या अफाट संख्येतून नीलकंठांनी एक निवडली आणि ती पाठांतराला सुलभ केली.

३. देशी नियम आणि अटींचे मनसुबे

आता दुसऱ्या धाग्याकडे वळू. आज आंतरराष्ट्रीय नियमांनी खेळणाऱ्या विद्यार्थ्याला महाराष्ट्रात पूर्वी प्रचलित असलेले देशी नियम अपरिचित वाटतील. प्रांतोप्रांती त्यांत फरक असे. तथापि काही गोष्टी सामान्यपणे आढळतात. किल्लेकोट नसे, त्याऐवजी शह बसलेला नसेल तर राजाला एकदा घोड्याची चाल करता येई. शेवटच्या ओळीत पोचलेले प्यादे खेळणाऱ्याच्या इच्छेप्रमाणे वजीर होत नसे. ज्या मोहऱ्याच्या घरात ते पोचेल त्या मोहऱ्याची पदवी त्याला मिळे. प्याद्याने केलेली मात सर्वांत प्रतिष्ठेची मानीत. आणि एका पक्षाची सर्व मोहरी मारली जाऊन राजा एकटा उरला, तर डाव जिंकला असे न मानता ‘बुर्जी’ झाली असे म्हणत. ती बरोबरी किंवा फार तर अर्धा विजय समजला जाई.

‘बुर्जी’ या शब्दाविषयी थोडे थांबणे इष्ट आहे. एकटा राजा जणू बुरुजात जाऊन बसला, आता त्याला कोण काढणार, अशी त्याची लोकव्युत्पत्ती मनात सहज येते. १७२५ मध्ये आसफजाह निजामुल्मुल्काच्या आज्ञेने काबिलखानाने जालन्यात बांधलेल्या मस्तगडासारखी गढी ज्याच्या नित्य नजरेसमोर असेल, त्याला ही उपपत्ती अगदी पटण्याजोगी वाटेल. कारण राज्य गेले तरी गढीच्या बुरुजात तग धरून तडजोड पदरात पाडून घेणे, हे अठराव्या शतकातील दख्खनच्या राजकारणात नित्याचेच होते. परंतु शब्दाचे मूळ निराळे आहे. फारसी बुद्धिबळात एकाकी राजाच्या अवस्थेला ‘बुर्द’ म्हणत, म्हणजे ‘जिंकून नेलेला’ डाव. त्या ‘बुर्द’चे हिंदुस्थानी भाषांत ‘बुर्ज’ झाले. तरीही किल्ला आणि बरोबरी यांची सांगड केवळ मराठी मनानेच घातली असे नाही. तैमूरच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मोठ्या बुद्धिबळात ११० घरांखेरीज बाजूंना दोन जादा घरे असत. त्यांना ‘किल्ला’ म्हणत, आणि प्रतिपक्षाच्या किल्ल्यात आपला राजा पोचविणाऱ्याला बरोबरी मिळे. मूळ शब्द काहीही असो, खेळणाऱ्यांची कल्पना एकाच दिशेने गेलेली दिसते.

या नियमांमुळे मनसुब्यांचे स्वरूप कसे पालटते, ते स्पष्ट करण्यासाठी एक साधी स्थिती येथे मांडतो. घर सांगताना पहिला आकडा पांढऱ्याच्या डावीकडून स्तंभाचा व दुसरा पांढऱ्याच्या बाजूने ओळीचा समजावा. पांढरा : राजा ६–७, हत्ती २–१, उंट ५–४, प्यादे ७–५. काळा : राजा ८–८, प्यादे १–७. चाल पांढऱ्याची आहे.

आजच्या नियमांनी हा प्रश्नच नव्हे. हत्ती ८–१ वर आणताच मात होते. परंतु ‘प्यादेमात करा’ अशी अट घातली की हत्ती निरुपयोगी ठरतो. मग पांढऱ्याने प्यादे ७–६ वर आणावे. काळ्या राजाला हलावयास घर नाही, म्हणून काळ्याला आपले एकुलते प्यादे पुढे सरकवावेच लागते. त्यानंतर पांढरे प्यादे ७–७ वर जाऊन शह देते. त्याच्या सरकण्याने ५–४ वरच्या उंटाची तिरपी वाट मोकळी होऊन ८–७ हे घर बंद होते, उरलेली घरे राजाने रोखलेली असतात, आणि मात होते. येथे काळ्याचे ते दूरचे प्यादे निरर्थक नाही, हे लक्षात घ्यावे. आजच्या नियमांनी ते नसते तर पांढऱ्याच्या पहिल्याच चालीनंतर काळ्याला चाल न उरून डाव बरोबरीत सुटला असता. देशी नियमांनी ते नसते तर बुर्जी होऊन डाव आधीच संपला असता. शत्रूचा शेवटचा शिपाई जिवंत ठेवून त्याच्या राजाला कोंडणे, हीच देशी मनसुब्याची खरी कसरत असे. समोर आलेले मोहरे मारण्याचा मोह आवरणे हा तिचा पहिला धडा होता.

अशा अटींच्या रचनांचा मुद्रित पुरावा आपल्याजवळ आहे. १८१४ मध्ये, म्हणजे पेशवाईच्या अखेरच्या काळात, मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचे ‘एसेज ऑन चेस’ हे पुस्तक इंग्रजीत छापले गेले. ते ‘विलासमणिमंजरी’ या संस्कृत ग्रंथावरून केलेले भाषांतर होते. पुस्तकाच्या शीर्षकातच ते ‘युरोपीय खेळाच्या पद्धतीस जुळवून’ घेतल्याचे सांगितले आहे, आणि शिकणाऱ्याची प्रगती व स्मरणशक्तीला व्यायाम हा त्यातील स्थितींचा हेतू म्हणून नोंदला आहे. प्याद्याने मात करण्याची अट असलेल्या अनेक रचना त्यात आहेत.

इतिहासाच्या दृष्टीने या पुस्तकाचे महत्त्व त्यातील ‘जुळवून’ या एका शब्दात साठलेले आहे. संस्कृतज्ञ शास्त्र्याला, देशी नियमांत वाढलेल्या रचना परक्या नियमांच्या वाचकापुढे ठेवावयाच्या होत्या. प्यादेमात ही देशी खेळात प्रतिष्ठेची पण खेळाच्याच अंगभूत अशी गोष्ट. युरोपीय वाचकाला मात्र ती रचनाकाराने वरून लादलेली अट वाटली असणार. स्थिती तीच आणि उत्तरही तेच. परंतु एका वाचकासाठी ती रूढ, तर दुसऱ्यासाठी रूढीबाह्य. रूढी कोणती आणि तिच्या बाहेरचे कोणते, हे पटावर लिहिलेले नसते. ते वाचकाच्या सवयीत असते.

४. मोहऱ्यांची बदललेली गती

हीच गोष्ट मोहऱ्यांच्या बाबतीत अधिक ठळकपणे दिसते. रुद्रटाच्या गजपदबंधाचा अर्थ आजच्या मराठी विद्यार्थ्याने ‘हत्ती’च्या चालीने लावू पाहिला तर तो फसेल. आज आपण ज्याला हत्ती म्हणतो तो सरळ रेषेत धावतो. ते पूर्वी रथाचे काम होते. रुद्रटाच्या गजाची वाट एक घर तिरपे व एक घर समोर अशा पावलांवर बसते, असा अर्थ अभ्यासकांनी लावला आहे. इ. स. १०३० च्या सुमारास अल्-बिरूनीने हिंदुस्थानातील गजाची चाल अशीच नोंदली आहे : समोर एक घर आणि चार कोपऱ्यांना एक एक घर. सोंड व चार पाय मिळून ही पाच घरे होतात. याच गतीचे मोहरे ब्रह्मदेशातील खेळात गज म्हणून आणि जपानी शोगीत ‘रुपेरी सेनापती’ म्हणून टिकून राहिले. अरबी खेळातील ‘फील’ मात्र तिरप्या दिशेने मधले घर ओलांडून दुसऱ्या घरात उडी घेई. त्यामुळे त्याला साऱ्या पटावरची अवघी आठच घरे गाठता येत. आजचा उंट तिरप्या रेषेत कितीही दूर जातो. एकाच प्राण्याच्या नावामागे तीन भिन्न गती, आणि एकाच गतीला प्रांतोप्रांती भिन्न नावे, अशी ही गुंतागुंत आहे.

या पार्श्वभूमीवर डॉसन यांच्या कार्याकडे पाहिले म्हणजे त्यातील जुने किती व नवे किती याचा निवाडा करता येतो. डॉसन यांचा ‘टोळ’ (ग्रासहॉपर, १९१३) वजिराच्या रेषांवरून जातो, परंतु वाटेत एखादे मोहरे असल्याशिवाय तो हलूच शकत नाही. त्या मोहऱ्यावरून उडी घेऊन तो लगतच्या पलीकडील घरात उतरतो. म्हणून टोळाचा शह चुकविताना मध्ये मोहरे आणून उपयोग होतोच असे नाही. मधले मोहरे काढून घेतले की शह आपोआप नाहीसा होतो. संरक्षणाची सारी कल्पनाच येथे उलटी होते. त्यांचा ‘निशास्वार’ (नाइटरायडर, १९२५) एकाच दिशेने घोड्याच्या लागोपाठ उड्या घेतो. मोहऱ्यांची गती बदलणे ही कल्पना मात्र डॉसन यांची नव्हे. १२८३ मध्ये स्पेनचा राजा दहावा आल्फोन्सो याने तयार करविलेल्या खेळांच्या ग्रंथात बारा गुणिले बारा घरांचे मोठे बुद्धिबळ असून त्यात जिराफ, मगर, सिंह, एकशिंगी अशी मोहरी आहेत. आणि तो खेळ हिंदुस्थानच्या राजांकडून आला असे तेथे म्हटले आहे.

आल्फोन्सोच्या या विधानावरून तो खेळ येथलाच होता असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. मध्ययुगीन युरोपीय लेखक अद्भुत वस्तूचे मूळ हिंदुस्थानात दाखवीत, ही एक लेखनरूढीच होती. याच जातीचे दुसरे उदाहरण ‘इंडियन प्रॉब्लेम’ या प्रसिद्ध रचनेचे आहे. दिल्लीतील धर्मोपदेशक हेन्री ऑगस्टस लव्हडे यांनी ‘शागीर्द’ या टोपणनावाने पाठविलेली ही रचना १८४५ मध्ये स्टाँटन यांच्या ‘चेस प्लेअर्स क्रॉनिकल’ मध्ये प्रसिद्ध झाली. एका मोहऱ्याने विशिष्ट घर ओलांडून मागे सरावे, दुसऱ्याने त्याच घरात येऊन त्याची वाट अडवावी, कोंडलेल्या राजाला चाल मिळू द्यावी आणि मग ती वाट उघडून मात करावी, ही तिची कल्पना युरोपात इतकी नवी ठरली की कोट्झ व कॉकेलकॉर्न यांनी १९०३ मध्ये तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. परंतु तिचे ‘इंडियन’ हे विशेषण केवळ टपालाच्या ठिकाणावरून आले. तिचे नियम युरोपीय, रचनाकार इंग्रज. टोपणनाव तेवढे आपल्या ओळखीचे.

डॉसन यांचे खरे नवेपण निराळ्या ठिकाणी आहे. जुन्या परंपरांत मोहऱ्याची गती खेळाबरोबर येत असे. मोठे बुद्धिबळ खेळावयाचे म्हणून जिराफ आला. डॉसन यांनी मोहरा आधी कल्पिला आणि तो केवळ रचनेसाठी कल्पिला. टोळांनी कोणी डाव खेळावा अशी त्यांची अपेक्षा नव्हती. नियमाला गृहीतकाचे स्थान देऊन त्यातून काय निष्पन्न होते ते पाहणे, ही भूमितीच्या अभ्यासकाची वृत्ती त्यांनी बुद्धिबळात आणली आणि १९३० पासून चाललेल्या आपल्या नियतकालिकातून तिला रचनाकारांचा एक वर्ग मिळवून दिला. दोन्ही पक्षांनी मिळून काळ्यावर मात घडवून आणावयाची, ही माक्स लांगे यांची १८५४ मधील कल्पनाही याच वाटेवरची होती.

५. उपसंहार

वरील विवेचनावरून दोन निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, रूढीबाह्य रचना ही विसाव्या शतकातील युरोपची निर्मिती नव्हे. उद्दिष्ट बदललेली रचना तुरगपदात, अट बदललेली रचना प्यादेमातीच्या मनसुब्यांत, आणि कमी घरांच्या पटावरची रचना अनुष्टुभाच्या बत्तीस अक्षरांत आपणांस आधीच भेटते. दुसरा असा की, गृहीतक म्हणून स्वतंत्र मोहरा कल्पून त्याचे शास्त्र रचण्याचे श्रेय डॉसन व त्यांच्या सहकाऱ्यांचेच आहे; ते जुन्या ग्रंथांना बहाल करण्याने त्या ग्रंथांचा गौरव वाढत नाही. नीलकंठांची बंद फेरी स्वतःच्या गुणावर उभी आहे. तिला टोळाच्या कुळात बसविण्याची आवश्यकता नाही.

संशोधन करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला एक पद्धतीविषयक सूचना करावीशी वाटते. स्वतंत्र भारतात आंतरराष्ट्रीय नियम सर्वत्र रूढ झाले. १९५५ मध्ये एलुरू येथे भरलेल्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेचे विजेतेपद महाराष्ट्राच्या रामचंद्र सप्रे यांनी डी. वेंकय्या यांच्यासमवेत मिळविले, ते याच नियमांच्या खेळात. नव्या खेळाडूंना त्यामुळे जगाचे दार उघडले, हा लाभ लहान नव्हे. परंतु त्याबरोबर देशी मनसुबे वाचण्याची सवय सुटली. जुन्या वहीत एखादी स्थिती आढळली आणि ती आजच्या नियमांनी एका चालीत सुटत असली, तर रचनाकाराला खेळ कळत नव्हता असे समजण्याआधी त्याने कोणत्या नियमांनी ती मांडली होती हे विचारले पाहिजे : एकटा राजा उरल्यास काय होई, प्यादे शेवटच्या घरी कोणती पदवी पावे, मात कोणी करावयाची होती. नियम हाही साधनग्रंथाचाच भाग आहे. पाठ शुद्ध करताना अक्षरांची जितकी चिकित्सा आपण करतो, तितकीच नियमांची करावी लागेल. त्याशिवाय पटावर मांडून ठेवलेला मनसुबा उलगडणार नाही.